लाल टॅग

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

रिटायर होताना स्टोअरच्या माणसाला सांगून दोन कोरी लॉगबुकं घरी आणली होती. तीन वर्षं माळ्यावर धूळ खात पडली. आज एक खाली काढलं. शिफ्ट सुरू झाली म्हणायची.

जनीचं ऑपरेशन ठरलं. बुधवारी, १२ तारखेला, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. सोमवारी ॲडमिट व्हायचं. चार महिने नंबराची वाट बघत होतो.

लहानपणी माहेरी, चामटोलीला, तिला ताप आला होता, सांधे धरले होते. त्या तापाने हृदयातली एक झडप जाड झाली. आता ती अर्धीसुद्धा उघडत नाही. तिथले छोटे डॉक्टर, डॉ. सोहम, मला कागदावर चित्र काढून दाखवायला लागले. म्हटलं, "डॉक्टर, बत्तीस वर्षं आनंदनगरच्या कंपनीत झडपाच उघडल्या आणि बंद केल्या. चित्र नको, काम सांगा." हसले. म्हणाले, "काका, पुढे रस्ता अरुंद, त्यात ठोके वेडेवाकडे. मागे रक्त साचून राहतं. साचलं की गाठ धरते, आणि गाठ सुटली तर थेट मेंदूत जाते. म्हणून रोजची ती अर्धी गोळी, रक्त पातळ ठेवायला. पण ऑपरेशनात पातळ रक्त थांबणार नाही. म्हणून आज रात्रीपासून ती गोळी बंद. बाकीच्या चालू."

साफ आदेश. मला असा माणूस आवडतो.

घरी आल्याबरोबर गोळीच्या पाकिटाला लाल टॅग बांधला. कंपनीचाच, तारेसकट. काय बंद केलं, कोणाचा आदेश, कारण, तारीख, सगळं भरलं आणि खाली सही ठोकली. जनी बघत होती. म्हणाली, "अवो, त्या गोलीला कनाला फाशी देताव?"

तिला हसू येतं, पण कायदा म्हणजे कायदा. ज्याने बंद केलं त्यानेच चालू करायचं, मधल्या कोणाच्या तोंडी शब्दावर नाही. नव्याण्णव साली फोनवरच्या एका शब्दावर कोणीतरी स्टीमचा व्हॉल्व्ह उघडला, आणि आमच्या शिफ्टचा चंदू तेव्हा त्याच लाइनीवर पाइपाच्या जोडातलं गास्केट बदलत होता. उजवा हात कामातून गेला, मान भाजली. त्यानंतर कंपनीत टॅग आले.

वजन ५१. पायाला सूज थोडी. नाडी ९६, उड्या मारते.


९ फेब्रुवारी, रविवार

मेव्हणा हरेश चामटोलीहून आला. सहा पोरं उद्या रक्त द्यायला नेणार म्हणतो. ऑपरेशनला सहा बाटल्या लागतात. माणूस तोंडाळ आहे, पण शब्दाचा पक्का. जनीने बॅग भरली. गाऊन दोन, टॉवेल, पितळेचा छोटा डबा. डब्यात काय विचारलं तर म्हणाली मशेरी. हृदयाचं ऑपरेशन आणि मशेरी! काढून घेतली. जिज्ञासा म्हणाली, "पप्पा, आईला बॅग तरी स्वतःची भरू द्या." आमची मुलगी बदलापूरला शाळेत शिकवते, घरीपण बाईच असते.


१२ फेब्रुवारी, बुधवार

रद्द. नीट लिहितो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

पहाटेपासून पाणी बंद. सात वाजता हिरवा गाऊन, दोन वेण्या. बांगड्या निघेनात, साबण लावून काढल्या. मंगळसूत्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, "गल्यात घाला नायतर हरवाल." ऑपरेशनच्या दारापर्यंत ट्रॉली गेली. आठपासून साडेदहापर्यंत दारातच. जिज्ञासा पाय चोळत होती. मी भिंतीशी उभा. मंगळसूत्र खिशात.

पावणेअकराला कोणीतरी आलं आणि म्हणालं, आज होणार नाही. आयसीयूत बेड नाही. ज्याचा बेड सुटायचा तो पेशंट अजून मशीनवर आहे. मी म्हटलं, "हे सकाळी सातला माहीत नव्हतं?" माझा आवाज चढला. वॉचमन जवळ आला. आणि जनी, जिला ट्रॉलीवर तीन तास कोरडं ठेवलेलं, ती म्हणते, "वरडू नका. त्या मानसाला राऊ द्या मशीनवर. त्याची पन बायको आसंल बाहेर." मला इतका राग आला तिचा. भरून पण आलं.

मोठे सर्जन भेटले नाहीत. डॉ. सोहम परीक्षेच्या रजेवर, कालपासूनच. "तारीख फोनने कळवू, दोन दिवसांत पण लागेल, तयार राहा."

चारला घरी जायचा कागद मिळाला. आधी दुसऱ्याच कोणाचा दिला, पोटाच्या पेशंटचा. मी परत केला तेव्हा बदलून दिला. सिस्टर घाईत म्हणाली, "गोळीच्या जागी पोटात देत होतो ती रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं आता बंद झाली, म्हणून ती रक्ताची अर्धी गोळी आज रात्रीपासून परत सुरू करा. कागदावर लिहिलंय." मी विचारलं, "आदेश कोणाचा?" "कोणाचा म्हणजे?" "बंद डॉक्टर सोहमनी केली. चालू करायला त्यांनी सांगितलंय का?" ती पुढच्या पेशंटकडे गेली. कागदाखाली एक रेघ आहे, सही म्हणायची तर म्हणा. जे लोक हातात दुसऱ्याचं पोट देतात त्यांच्या शब्दावर मी व्हॉल्व्ह उघडू?

परतताना गाडीत जनी म्हणाली, "मंग आज गोली घ्याची ना?" म्हटलं, डॉक्टरांना विचारून.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर विचार केला. आणखी एक मुद्दा आहे जो कोणी बघत नाही. गोळी चालू केली आणि उद्या फोन आला की परवा या, तर काय? पाच दिवस बंद असल्याशिवाय ते चाकू लावणार नाहीत. आपला नंबर दुसऱ्याला देतील आणि आपण परत लाइनीच्या शेपटाला. जिज्ञासाला समजावलं. ती म्हणाली, "पप्पा, कागदावर स्पष्ट लिहिलंय." म्हटलं, कागदावर पोटाचं पण लिहिलं होतं. पर्स उचलून निघाली. शाळेला उशीर होत होता.

वॉर्डात फोन केला. डॉ. सोहम नाहीत. निरोप ठेवला, धर्मराज बुधाजी, अंबरनाथ, जनीबाईच्या गोळीबद्दल.

टॅग जागेवर. नाडी १०२.


१५ फेब्रुवारी, शनिवार

परत फोन. रजेवर. परत निरोप. ऑपरेटर म्हणाली, दुसऱ्या डॉक्टरांशी बोला ना. नको.

जनी दिवसभर खिडकीत. पूर्वी भाजी आणायला उतरायची, आता दोन जिने चढता येत नाहीत. तारीख कधी, तारीख कधी, असं ती विचारत नाही. मीच विचारतो स्वतःला. काल तिच्या ब्लाउजचे हुक दोनदा चुकीच्या जागी लावले मी. भीती वाटते मला. हे घरात कोणाला सांगण्यासारखं नाही.


१७ फेब्रुवारी, सोमवार

औषधं आणायला स्टेशनजवळच्या मेडिकलवर गेलो. इंदरशेठ उल्हासनगरचे सिंधी, वीस वर्षांची ओळख. सगळी पाकिटं काढून झाल्यावर बोटांवर मोजत म्हणाले, "चाचा, वो आधी वाली गोली? वो तो पिछले महिने से नहीं ली आपने." म्हटलं, बंद आहे, ऑपरेशनसाठी. "पण ऑपरेशन तर टळलं ना, पूरे बाजार को मालूम है." म्हटलं, डॉक्टरांचा आदेश यायचाय. त्यांनी पाकीट परत खणात ठेवलं. म्हणाले, "फोन करके पूछ लो, चाचा. ये वाली से खेलने का नहीं."

खेळतंय कोण? शेठ लोकांना माल खपवायचा असतो.


१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी नऊला जनीच्या हातातून चहाचा कप पडला. उजवा हात. म्हणाली, हात मेला. मग काहीतरी सांगायला गेली आणि शब्दच येईना. "ते... ते..." करत राहिली, बशीकडे बोट दाखवून. तोंड मला जरा वाकडं वाटलं, पण चष्मा नव्हता. मी तिचा हात चोळला. सात-आठ मिनिटांत सगळं ठीक. मुठीत बोट धरायला सांगितलं, धरलं घट्ट. हसायला लागली. "बशी! बशी म्हनायचा होता मना. बशीच आठवंना."

तेरा दिवस नीट झोप नाही, जेवण चिमणीएवढं. अशक्तपणा. तशी नोंद केली.

संध्याकाळी जिज्ञासाला सांगितलं, सांगायला नको होतं. तिचा चेहरा पांढराफटक. "पप्पा, उद्याच ओपीडी. नाहीतर मी घेऊन जाते." म्हटलं, तुझ्या आईला या अवस्थेत मुंबईला हेलपाटा घालायला लावू नको, मी फाइल घेऊन जातो.

जनी झोपताना म्हणाली, "तो लाल कागद काडा ना. मना त्या गोलीबिगर भ्या वाटते." मी म्हटलं, चंदूच्या वेळी पण असंच कोणाच्या तरी म्हणण्यावर उघडलं होतं. ती म्हणाली, "चंदूचा येगला. चंदू आत होता, तुमी भायेर होताव."

मला नाही समजलं ती काय म्हणाली.


२० फेब्रुवारी, गुरुवार

ओपीडी. सहाला घरातून निघालो, नंबर ४७, दीडला आत. नवीन मॅडम, डॉ. सोहमच्या जागी. फाइल चाळली. म्हणाल्या, "तीन मार्च. पक्कं. एक तारखेला ॲडमिट." मला खुर्चीत बसल्या जागी हलकं वाटलं.

मग विचारलं, "गोळ्या सगळ्या चालू आहेत ना?"

मी म्हटलं, "हो मॅडम. सांगितल्याप्रमाणे."

"रक्त पातळ करायची सव्वीसला रात्री बंद करा. पाच दिवस आधी."

"हो मॅडम."

खोटं बोललो नाही. सांगितल्याप्रमाणेच आहे सगळं. मी तोंड उघडलं होतं, टॅगचं सांगायला, पण मागून पुढचा पेशंट आत शिरलाच होता आणि मॅडमनी तारीख पेनने लिहिलेली होती. म्हटलं असतं की गोळी आधीपासून बंद आहे, तर? म्हणाल्या असत्या, कोणाला विचारून? परत तपासण्या. तीन मार्च पुसून टाकली असती. चहाच्या कपाचं पण सांगणार होतो. ते राहिलं.

लोकांना सव्वीसला बंद करायचीय. आपली आधीच बंद आहे, आपण पुढे आहोत. सहा दिवसांसाठी उघडायची आणि परत बंद करायची, हे कुठल्याही प्लँटमध्ये मूर्खपणाचं. अपघात होतात ते उघडताना आणि बंद करताना. लाइन शांत आहे तर शांत राहू दे.

घरी तारीख सांगितली. जनीने देवाला साखर ठेवली. जिज्ञासाने विचारलं, "हाताचं सांगितलंत ना?" म्हटलं, हो.

हे मात्र खोटं.


२२ फेब्रुवारी, शनिवार

हरेश आला. पहिल्या सहा पोरांचं रक्त देऊन झालंय, तीन महिने त्यांना परत चालत नाही. नव्या तारखेला परत सहा बाटल्या लागतात, म्हणून नवीन सहा शोधतोय. वांगणीपर्यंत गेला होता. दोन जमले. ओट्याजवळ बसून चहा पिताना त्याला फ्रीजवरचं पाकीट दिसलं, टॅग लोंबणारं. विचारलं. सांगितलं. कप खाली ठेवला त्याने.

"भावोजी, मरू द्या तुमचा कायदा. माजी बहीन हाय ती, बॉयलर नाय."

म्हटलं, तू रक्ताचं बघ, बाकी माझ्यावर सोड. असा चिडला, चहा अर्धा टाकून गेला. जनी त्याला जिन्यापर्यंत पोचवायला उठली तर धाप लागली. मला म्हणाली, "त्याला कनाला बोलताव? सहा मानसा गोला करनं सोपा हाय का?"

बरोबर आहे तिचं. रागात होतो. सोमवारी फोन करीन त्याला. डॉ. सोहमना पण सोमवारी करीन, शेवटचा.


२४ फेब्रुवारी, सोमवार

डॉ. सोहम अजून रजेवर. परत निरोप. हरेशला फोन केला नाही.

जनी आज बरी. वाल सोलले बसून. पायाची सूज कमी. वजन ५०. परवा महाशिवरात्र, शिवमंदिराला यायचं म्हणते. म्हटलं, जत्रेच्या गर्दीत? ऑपरेशन झालं की नेतो, पुढच्या वर्षी, पालखीत बसवून. म्हणाली, "पुडच्या वर्सी कोनी बगला." हे एक बोलणं मला अजिबात आवडत नाही.


२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

सकाळी ७.१० जनी रताळं सोलताना पडली. उजवी बाजू. बोलत नाही.
७.१५ ॲम्ब्युलन्सला फोन. जत्रेमुळे रस्ता बंद, पलीकडून वळसा घालून येतो म्हणाले.
७.५० आली नाही. शेजाऱ्यांनी आणि मी खुर्चीत बसवून दोन जिने उतरवलं. जिज्ञासा पुढे रस्त्यावर धावली, गर्दीतून माणसं बाजूला करत.
८.२० ॲम्ब्युलन्स.
८.५५ उल्हासनगरचं हॉस्पिटल.

डोळे उघडे आहेत. मला बघते. बोलत नाही.

जत्रेने मारलं. अर्धा तास रस्त्यात लाखभर माणसं बेलाची पानं घेऊन उभी, आणि माझी बायको खुर्चीत.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

जत्रेने नाही.

काल दुपारी इथल्या डॉक्टर आल्या. सिंधी बाई, वयस्कर, हिंदी-मराठी मिसळून बोलतात. म्हणाल्या, मेंदूला जाणारी मोठी नस गाठीने बंद झाली. गाठ हृदयातून सुटून आली. "ब्लड थिनर कब से बंद है, अंकल?"

मी हे लॉगबुक पुढे केलं. सगळी नोंद आहे म्हटलं. खरं सांगायचं तर छाती जरा पुढे काढूनच म्हटलं. किती पेशंटांच्या घरी अशी नोंद असते?

त्यांना मराठी वाचायला अडतं, म्हणून जिज्ञासाने वाचून दाखवलं. सहा तारीख वाचली. चंदूचं वाचलं. मग बारा तारीख. ट्रॉली, बांगड्या, बेड. वाचत वाचत ती सिस्टरच्या बोलण्यावर आली. "ती रक्ताची अर्धी गोळी आज रात्रीपासून परत सुरू करा." तिथे थांबली. पुढचं वाचेना. मी म्हटलं, पुढे वाच, पुढे कारण दिलंय. तिने वही माझ्या मांडीवर ठेवली आणि बाहेर गेली.

डॉक्टर बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने मोजलं. "बारा के बाद कुछ नहीं? ना इंजेक्शन, ना गोली? चौदा दिवस?"

"हो."

"बीच में हाथ सुन्न हुआ? बोलना बंद हुआ थोडी देर?"

"एकोणीसला. आठ मिनिटं."

पेन टोपणात घातलं त्यांनी. म्हणाल्या, "वो आठ मिनिट में आना था, अंकल." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.


१ मार्च, शनिवार

आज ॲडमिट व्हायची तारीख होती, मुंबईला.

जनी डावीकडे बघते, उजवीकडे बघत नाही. नळीने पोटात देतात. आवाज फक्त एक येतो, "नाय." पाणी हवं तरी नाय, उशी हवी तरी नाय. मी विचारलं, मी कोण? म्हणाली, "नाय." हे तिला दुसरं काही येत नाही म्हणून, असं डॉक्टर म्हणतात. जिज्ञासा माझ्याशी कामापुरतं बोलते. हरेश दारापर्यंत येतो, मी आत असलो की खाली जाऊन बसतो.

दुपारी चंदू आला. दोन शहाळी घेऊन. जनीला नळी आहे हे त्याला माहीत नव्हतं, मग शहाळी कुठे ठेवायची ते कळेना. त्याचा उजवा हात मनगटापासून आकसलेला, मानेवरची कातडी अजून चकाकते. पंचवीस वर्षं मी त्या मानेकडे बघत आलो.

त्याला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ऐकून घेतलं त्याने. मग आणखी एक गोष्ट सांगितली, जी ह्या वहीत मी 'कोणीतरी' म्हणून लिहिली आहे. म्हटलं, "चंदू, नव्याण्णव साली तो व्हॉल्व्ह मी उघडला होता. फोनवर कोणी म्हणालं काम झालंय, आणि मी जाऊन न बघता उघडला."

"माहीत आहे साहेब."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. शिफ्टला दुसरं होतंच कोण?"

जिज्ञासाने घरून सगळी औषधं पिशवीत भरून आणली होती, डॉक्टरांना दाखवायला. चंदूने पिशवीत टॅग बघितला. डाव्या हाताने पाकीट बाहेर काढलं. चष्मा नव्हता, लांब धरून वाचत होता.

"हा तर आपलाच टॅग, साहेब. कोणी लावला?"

"डॉक्टर सोहमनी."

"नाय. आदेश त्यांचा. लावणाऱ्याच्या जागी सही तुमची आहे."

त्याने मला टोमणा मारला नाही, मी शपथेवर सांगतो. नुसतं वाचून दाखवलं, शिफ्ट घेताना वाचतात तसं. त्याला हे मीच शिकवलं होतं. आदेश देणारा केबिनमध्ये असतो. टॅग बांधणारा जागेवर असतो. ज्याने बांधला त्याने जाऊन बघायचं, लाइन कशी आहे, कोण आत आहे, आणि स्वतः काढायचा. केबिनच्या फोनची वाट बघत बसायचं नाही. अशा दोनशे पोरांना शिकवलं असेल मी.

जनी बोलली होती. तुमी भायेर होताव. ह्या वेळी आत ती होती.


३ मार्च, सोमवार

सकाळी साडेनऊला फोन. "काका, मी सोहम. आजच रजेवरून आलो. वॉर्डात तुमचे तीन निरोप आहेत. आज तर तुमची केस लिस्टवर आहे, बेड पण मोकळा आहे, आणि पेशंट आलेच नाहीत म्हणतात. काय विचारायचं होतं काका?"

मी सांगितलं काय झालं. मग ते म्हणाले, आता निदान दोन-तीन महिने ऑपरेशन करता येणार नाही, मेंदूत रक्तस्राव होईल. आधी सावरू दे.

म्हणजे परत पुढे. ह्या वेळी त्यांनी नाही ढकललं.

मी विचारलं, "डॉक्टर, बारा तारखेला मी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

म्हणाले, "सिस्टरने काय सांगितलं होतं?"


७ मार्च, शुक्रवार

नोंद नाही. लिहावंसं वाटलं नाही. जनीच्या डाव्या हाताला तेल लावलं. उजव्या पण.


१२ मार्च, बुधवार

आज दुपारी घरी आणलं. चंदू, हरेश आणि दोन शेजारी. खुर्चीतून दोन जिने वर. हरेशने पुढची बाजू धरली, मी मागची. पहिल्या वळणावर तो म्हणाला, "भावोजी, पाय बघा, पायरी हाय." बावीस तारखेपासून त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं.

डॉक्टर बाईंनी काल परत स्कॅन बघितला आणि म्हणाल्या, उद्या संध्याकाळपासून अर्धी गोळी सुरू करा, चुरा करून, घट्ट पेजेत. गिळायला आता जमतंय तिला थोडं, डाव्या बाजूने.

सात वाजता जिज्ञासाने पेज केली. मी पाकीट घेऊन जनीच्या पलंगाशी बसलो. तार मी महिन्यापूर्वी पक्कडीने पिळली होती, बोटांनी सुटेना. पक्कड आणायला उठणार तर जनीने डावा हात पुढे केला आणि पाकीट धरलं. घट्ट धरलं. मग मला दोन्ही हात मिळाले. तार सुटली.

मी तिला म्हटलं, जनी, तुझं बोलणं मी घालवलं. चंदूच्या वेळी न बघता उघडला, तुझ्या वेळी न बघता बंद ठेवला. तू काढा म्हणालीस, सगळे म्हणाले, आणि मी कागद धरून बसलो. माफी मागायला तोंड नाही मला.

"नाय," म्हणाली.

तिला दुसरं काही म्हणता येत नाही. मला माहीत आहे.

जिज्ञासा पेजेची वाटी घेऊन दारात उभी होती. मी टॅग मांडीवर ठेवून पेन काढलं. लावणाऱ्याची सही, धर्मराज बुधाजी, ६ फेब्रुवारी. त्याच्या खाली काढणाऱ्याची जागा महिनाभर कोरी होती. तिथे सही केली आणि तारीख घातली. १२ मार्च. काढायचा होता १२ फेब्रुवारीला, रात्री जेवणानंतर.

गोळी अर्धी. सात वाजून दहा मिनिटं. दिली.